कळ आणि मळमळ

नंदुरबार जिल्ह्यातल्या रनाळ्याकडची मुलं तिरळेपणाच्या शस्त्रक्रियेला बहुधा उशिराच येतात. लहानपणी घरात कुणीतरी म्हटलेलं असतं, तिरळा डोळा नशीबवान. मग नववी-दहावीत चिडवणं असह्य झालं की मुलगा स्वतःच हट्ट धरतो. त्यामुळे माझ्यासमोर, म्हणजे भूल देणाऱ्या डॉक्टरसमोर, येतो तो मिसरूड फुटलेला पोरगा, आणि भीती वाटते हे तो चारचौघांत कबूल करणार नाही. वडील सही करायला बाहेर गेले की खालच्या आवाजात विचारतो, ‘मॅडम, माले दुखी का?’

‘काही होत नाही’ असं उत्तर मी देत नाही. मोठ्या माणसावर ही शस्त्रक्रिया डोळ्याभोवती इंजेक्शन देऊन, जागेपणीही करता येते. या वयात बहुतेकांना ते झेपत नाही. स्नायू ओढला की डोळ्यामागे खोल कळ उठते आणि पोरगं हलतं. म्हणून पूर्ण भूल. जाग आल्यावर डोळा खडा गेल्यासारखा खुपेल, लालसर पाणी येईल, काही दिवस एकाचे दोन दिसू शकतील, हेही सांगते, आणि वडिलांकडे नव्हे, त्याच्याकडे बघून सांगते. ऐकून घेतलेली मुलं जागी होताना कमी बिथरतात.

कळेवर औषध कळ उठण्याआधीच द्यायचं. भुलीतच शिरेतून पॅरासिटामॉल, वजनाच्या किलोमागे 15 मिलिग्रॅम. शिवाय सर्जन डोळ्याच्या पांढऱ्या भागावरच्या पडद्याखाली बधिर करणारं औषध सोडतात. मॉर्फिन मी शक्यतो टाळते, कारण त्याने उलट्या वाढतात आणि या शस्त्रक्रियेत त्या मुळातच फार. घरी गेल्यावर मुलं कळ विसरतात, रात्रभरची मळमळ विसरत नाहीत. म्हणून उलटी रोखणारी ऑनडॅनसेट्रॉन आणि डेक्सामेथासोन दोन्ही देते.

सगळ्यात सावध राहायचा क्षण मात्र मधलाच. सर्जन नाकाकडच्या स्नायूखाली हूक घालून तो उचलतात आणि मॉनिटरचा टिकटिकाट एकदम विरळ होतो. नव्वदवरची नाडी पन्नासवर येते. डोळ्यावरच्या ताणाची खबर मेंदूतून फिरून व्हेगस नसेवाटे हृदयाला जाते. आश्नर आणि डाग्निनी या डॉक्टरांनी 1908 मध्ये हे नोंदवलं. अशा वेळी माझा हात आधी नाडी वाढवणाऱ्या अ‍ॅट्रोपिनकडे जात नाही. ‘सर, सोडा,’ एवढंच म्हणते. हूक सैल झाला की नाडी बहुधा आपसूक वर येते. नाहीच आली, किंवा पुन्हा पुन्हा उतरली, तर अ‍ॅट्रोपिन.

नंदुरबार जिल्ह्यात आणखी एक गोष्ट विसरून चालत नाही: सिकलसेल हा रक्ताचा आजार. आदिवासी कुटुंबांत तो बराच आढळतो. अंगातलं पाणी कमी झालं, थंडी वाजली, प्राणवायू घटला की तांबड्या पेशी कोयत्याच्या आकाराच्या होऊन बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि हाडांतून जी कळ उठते तिच्यापुढे डोळ्याची चुरचुर काहीच नाही. म्हणून सिकलची तपासणी आधी, थिएटरचा एसी बेताचा, अंगावर गरम पांघरूण. आणि उपास नेमकाच. आमच्याकडे ‘उपाशी या’ म्हटलं की लोक आदल्या संध्याकाळपासून मुलाला पाण्याचा थेंबही देत नाहीत. जेवण सहा तास आधी बंद हवं, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. म्हणून आदल्या दिवशी मी घरी फोन करून सांगते: रात्री पोटभर जेवू द्या, आणि शस्त्रक्रिया नऊला असेल तर सहाला उठवून पेलाभर पाणी पाजा.