पुढे धाडलेला निरोप

जवळपास पंचवीस वर्षे मी टपाल कचेऱ्यांमध्ये तारेच्या खिडकीवर बसलो. सिरोंचा, अहेरी, गोंडपिपरी आणि शेवटी बल्लारपूर. नोकरीला लागलो तेव्हा गडचिरोली हा वेगळा जिल्हा नव्हता. १९८२ साली तो चंद्रपुरातून निघाला. पावसाळ्यात सागाची एखादी फांदी तारेवर कोसळली की सिरोंच्याचा जगाशी संबंध तुटे आणि मग आम्ही मोर्सच्या किल्लीवर बोट ठेवून मुक्यासारखे बसून राहत असू. बल्लारपुरात लोक मला आजही ‘तारबाबू’ म्हणूनच ओळखतात, किंवा नुसते ‘बाबूजी’. १४ जुलै २०१३ या दिवशी देशातील शेवटच्या तारा स्वीकारल्या गेल्या व ती सेवा संपली, तरी माझे ते नाव काही संपले नाही. आज जे सांगावयाचे आहे त्याचा त्या नावाशी फार निकटचा संबंध आहे.

तारेत शब्दाला दाम होते. पत्त्यातले शब्दसुद्धा मोजले जात. फॉर्म हाती घेऊन माणसे खिडकीबाहेर विचार करीत उभी राहत; लिहिलेला शब्द खोडीत, पुन्हा लिहीत. ज्यांना लिहिता येत नसे त्यांचा मजकूर मी लिहून देत असे. बाप गेला तर काय लिहावे, याचाही एक ठराविक साचा होता : ‘फादर सीरियस स्टार्ट इमिजिएटली.’ पाठविणाऱ्याला, मला आणि वाचणाऱ्याला, तिघांनाही ठाऊक असे की बाप ‘सीरियस’ नसून गेलेला आहे. तरी तो शब्द कोणी बदलीत नसे. मजकुरात आकडे असतील तर ते शेवटी पुन्हा एकवार पाठवून ताडून घ्यावे लागत. एखादे अक्षर चुकले तर जाब द्यावा लागे. आपल्या हातून जाणारा निरोप हा दुसऱ्याच्या घरात जाऊन पडणार आहे, तेथे तो रडवील किंवा हसवील, ही जाणीव बोटांत मुरलेली असे.

तो काळ सत्ययुगाचा होता असे मात्र कोणी समजू नये. कागद गिरणीतील किंवा कोळसा खाणीतील एखाद्या कामगाराला रजा हवी असली की गावाकडून ‘मदर सीरियस’ची तार येई, आणि आठ दिवसांनी तीच माउली लेकाला सोडावयास बल्लारशाह स्थानकावर हजर असे. अशा कितीतरी खोट्या तारा मी स्वतः घेतल्या व घरपोच धाडल्या. परंतु त्या खोटेपणालाही मोल मोजावे लागे, आणि तो एका माणसाकडून एकाच माणसाकडे जाई. त्यापुढे त्याची मजल नव्हती.

निवृत्तीनंतर मुलीने मोबाईल हाती दिला. ती नाशिकला, मुलगा हैदराबादला. व्हॉट्सॲप उघडून दिले तेव्हा मला झालेला आनंद मी लपविणार नाही. जन्मभर दुसऱ्यांचे निरोप पोहोचविले. आता माझे स्वतःचे निरोप क्षणात जात होते आणि कोणी शब्द मोजीत नव्हते. आमच्या वॉर्डाचा एक गट झाला. पाणी केव्हा येणार, वीज केव्हा जाणार, कोणाला रक्त हवे, कोणाच्या घरी काय कार्य. सकाळी गुलाबाची चित्रे, रात्री चंद्राची. मी त्यात रमलो. निवृत्त माणसाला आपली कोणाला तरी गरज आहे असे वाटणे फार आवश्यक असते. बातमी प्रथम आपण द्यावी ही जुनी खोड तर माझ्या रक्तातच होती.

२०१८ च्या जून महिन्यात मला एक संदेश आला. मुले पळविणारी टोळी विदर्भात शिरली आहे, ती वेषांतर करून फिरते, मुलांचे अवयव काढून विकते, सावध राहा. सोबत एक चित्रफीत होती : मोटारसायकलवरून आलेले दोघे रस्त्यावर खेळणाऱ्या मुलाला उचलून नेतात. पाहून माझ्या अंगावर काटा आला. शेजारच्या घरात चार वर्षांचे मूल होते. ते दिवसभर आमच्याच अंगणात खेळे. मी तो संदेश वॉर्डाच्या गटावर पाठविला, आणखी दोन गटांवर पाठविला, आणि वर स्वतःचे एक वाक्य जोडले : ‘सर्वांनी लक्ष द्यावे.’

ती चित्रफीत कराचीतील एका संस्थेने बालकांच्या सुरक्षेविषयी जागृती करण्यासाठी बनविलेली होती, हे मला पुढे कळले. मूळ फितीत ते दोघे मुलाला परत आणून सोडतात व मुलांवर लक्ष ठेवण्याविषयीचा फलक दाखवितात. तो शेवट कोणीतरी कापून टाकला होता. तारेतला शेवटचा शब्द गाळला तर अर्थ कसा उलटतो, हे मी नवख्या कारकुनांना शिकवीत आलो होतो.

त्यानंतर आठ-नऊ दिवसांनी दुपारी गल्लीत गलका ऐकू आला. बाहेर आलो. केसांवर भांडी देणारी एक बाई माणसांच्या कोंडाळ्यात सापडली होती. या बायका आपल्याकडे सर्वांच्या परिचयाच्या आहेत; विंचरताना निघालेले केस बायका गुंडाळून ठेवतात आणि त्या बदल्यात वाटी, चमचा, फुगा घेतात. तिने एका मुलाला फुगा दिला होता, एवढेच निमित्त. तिचे गाठोडे उपडे केलेले होते. केसांचे पुंजके वाऱ्याने रस्ताभर पसरत होते. तिच्या गालावर बोटे उमटली होती, आणि ती हात जोडून जे बोलत होती ते तेलुगू होते की दुसरे काही, हे त्या गोंगाटात कळत नव्हते. वास्तविक बल्लारपुरात तेलुगू समजणारी माणसे घराघरांत आहेत. त्या वेळी कोणी ऐकत नव्हते.

मी पुढे झालो आणि म्हणालो, “अरे, काय चालवले आहे हे?”

आमच्याच गल्लीतला एक तरुण, ज्याला मी लहानपणी अंकगणित शिकविले, तो मोठ्या उत्साहाने माझ्याकडे वळला. “बाबूजी, पोट्टे चोरनारी भेटली. तुमीच त टाकलं होतं गुरुपवर.” आणि त्याने मोबाईल माझ्यापुढे धरला. वर माझे नाव होते. खाली माझे वाक्य होते.

त्याच्या बोलण्यात आरोप नव्हता. तो मला साक्षीला बोलावीत होता. दुसरा कोणी तो संदेश पाठविता तर कदाचित निम्म्या लोकांनी तो हसण्यावारी नेला असता. परंतु तारबाबूने पाठविला म्हणजे तो खरा, असे त्यांनी धरले होते. पंचवीस वर्षे अक्षरे ताडून मिळविलेला विश्वास मी एका बोटाने त्या फितीमागे उभा केला होता.

समोरच्या घरातील एक वृद्ध आई, जिला वाचता येत नाही आणि जिच्याजवळ मोबाईलही नाही, ती गर्दीत शिरली. “लेकराची माय दिसते ते. सोडा तिले,” म्हणाली आणि त्या बाईचा दंड धरून तिला आपल्या ओसरीवर घेऊन गेली. तिला पाणी दिले. कोणीतरी पोलिसांना कळविले. ते आले, त्यांनी चौकशी केली, आणि बाईला सुखरूप नेले. बाईच्या भांड्यांतील काही तशीच रस्त्यावर राहिली. मी त्या सर्व वेळात काय केले, असे कोणी विचारले तर उत्तर असे की मी उभा होतो. ‘तो संदेश मी पाठविला, पण खात्री केली नव्हती,’ एवढे वाक्य त्या वेळी मोठ्याने उच्चारावयास हवे होते. ते माझ्या तोंडून निघाले नाही.

१ जुलै २०१८. रविवार. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे बाजाराचा दिवस होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच पुरुष तेथे भिक्षा मागण्यासाठी गेले होते. बहुतेक सोलापूरकडील मंगळवेढा तालुक्यातले. पिढ्यान्‌पिढ्या गावोगाव फिरून पोट भरणारा हा समाज. मुले पळविणारे म्हणून जमावाने त्यांना पकडले, ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडले आणि तेथे पाचही जणांना मरेपर्यंत मारले. त्याच रात्री मालेगावातही अशाच संशयावरून एका लहान मुलासह पाच जणांना जमावाने घेरले. त्यांना पोलिसांनी वाचविले. त्या दिवसांत खानदेशात फिरणाऱ्या संदेशांबरोबर मृत बालकांची छायाचित्रे होती. ती २०१३ मध्ये सीरियात विषारी वायूने मेलेल्या मुलांची होती.

ती बातमी मी वर्तमानपत्रात वाचली आणि पान मिटले. आमच्या गल्लीत आणि राईनपाड्यात अंतर किती, याचा हिशेब मी मनाशी करीत राहिलो. एक अडाणी म्हातारी, एवढेच ते अंतर होते. माझा संदेश राईनपाड्याला पोहोचला असेल असे मी म्हणत नाही. परंतु तो कोठे पोहोचला नाही, हे मी कशाच्या आधारे सांगू? तारेची प्रत कचेरीत राहत असे. कोणी पाठविली, कोणाला, किती वाजता, सर्व नोंद असे. येथे नोंद कोणापाशीच नाही.

त्याच जुलैत कंपनीने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठविता येईल असे बंधन घातले, आणि पुढे पाठविलेल्या मजकुरावर तशी खूण येऊ लागली. काही प्रमाणात त्याचा उपयोग झाला असेल. माझ्या बाबतीत मात्र ते बंधन निरुपयोगी ठरले असते. मी तीनच गटांवर पाठविला होता.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात मी वॉर्डाच्या गटावर लिहिले : मागील महिन्यात मी पाठविलेला संदेश खोटा होता, मी खात्री केली नव्हती, त्या बाईवर जे ओढवले त्यात माझा दोष आहे. दोन-तीन अंगठे आले. एकाने ‘जाऊ द्या बाबूजी’ असे लिहिले. मग कोणीतरी शुभ रात्रीचे चित्र टाकले आणि माझे वाक्य वर सरकून दिसेनासे झाले. पहिला संदेश मात्र घरोघर वाचला गेला होता.

तेव्हाच मोबाईल कपाटात बंद करून ठेवावा असे मनात आले होते. ठेवला नाही, हे बरे झाले असे २०२० साली वाटले.

आमच्या घरी भांडी घासावयास येणाऱ्या बाईंचा मुलगा आणि सून दरवर्षीप्रमाणे फेब्रुवारीत मिरची तोडणीसाठी तेलंगणात खम्ममकडे गेली होती. आपल्या दोन्ही जिल्ह्यांतील हजारो माणसे अशी जातात. मार्चअखेर टाळेबंदी लागली. गाड्या बंद, सीमा बंद. बाईंना वाचता येत नाही. पण माझ्या मोबाईलवर मुलाचा आवाज आला आणि त्या दाराच्या चौकटीला धरून तो पुनःपुन्हा ऐकत राहिल्या. शेतमालकाने धान्य दिले आहे, झोपडीत बारा जण आहोत, पोराला ताप नाही. बाईंनी मोबाईल तोंडाशी धरून उत्तर दिले. मी शब्द मोजले नाहीत. त्यांचे ठिकाण मुलाने पाठविले, ते मी तालुक्याला कळविले. गटावरील एका शिक्षकाच्या ओळखीने तेथील माणसांशी संपर्क झाला. मे महिन्यात ती मंडळी कोठे ट्रकने, कोठे पायी अशी राजुऱ्याकडून आली व गावच्या शाळेत चौदा दिवस राहिली. त्या काळात नातवाचा चेहरा बाईंना रोज माझ्या ओट्यावर दिसत असे. माझ्या तारेने असे काही कधी साधले नव्हते, आणि हे मान्य करताना जुन्या नोकरीचा अभिमान मला आड येत नाही. २७ नोव्हेंबर २०२२ रोजी बल्लारशाह स्थानकावरील पादचारी पुलाचा भाग कोसळून एक महिला दगावली व अनेक जण जखमी झाले, त्या सायंकाळीही याच गटावर माझ्या मुलीने ‘बाबा, घरी आहात ना?’ एवढेच विचारण्यासाठी शेजाऱ्यांना गाठले. मी तेव्हा स्थानकाकडेच फिरावयास जातो हे तिला ठाऊक होते.

आता तर डोळ्यांवरही विश्वास ठेवण्याची सोय राहिली नाही. २०२५ च्या नोव्हेंबरात ब्रह्मपुरीच्या वनविश्रामगृहाबाहेर बसलेल्या माणसाला वाघ ओढून नेतो, अशी चित्रफीत सर्वत्र फिरली. ती संगणकाने रचलेली आहे, असे वनविभागाला जाहीर करावे लागले. आपल्याकडे वाघ ही कल्पना नाही. तेंदूपत्ता आणि मोहफुले वेचावयास गेलेली माणसे खरोखरच परतत नाहीत. खोटा वाघ दहा वेळा पाहिलेल्या बाईने अकराव्या वेळी खऱ्या वाघाचा निरोप ऐकला नाही तर तिला काय म्हणावे? ती फीत मला चौघांनी पाठविली. खाली एकाने विचारले होते, “बाबूजी, खरं हाय का?” अलीकडे ते मला असे विचारतात. मी वनरक्षकाला फोन लावला, तो लागला नाही, म्हणून दुपारपर्यंत काहीच उत्तर दिले नाही. तेवढ्यात गटावर दोघे चिडले.

त्या दिवशी रस्त्यावर राहिलेल्या भांड्यांपैकी एक स्टीलची वाटी घरंगळत आमच्या फाटकाखाली आली होती. मी ती उचलून ठेवली. २०१९ पासून केस घेणाऱ्या बायका पुन्हा येऊ लागल्या. आमच्या गल्लीत त्या पटकन शिरत नाहीत, नाक्यावरूनच हाक देतात. मी दर वेळी बाहेर जाऊन त्या बाईविषयी विचारतो. तिचे नाव मला माहीत नाही, भाषा माहीत नाही. गालावर गोंदण होते एवढे सांगतो. मागल्या खेपेला आलेल्या दोघींनी ऐकून घेतले, एकमेकींकडे पाहिले आणि केस आहेत का, असे विचारले. पत्नीला जाऊन तीन वर्षे झाली. नाहीत, म्हणालो.