विकायचे काय, खायचे काय?

अमळनेर-नंदुरबारवरून सुरतेकडे जाणारी गाडी तापीच्या खोऱ्यातून समुद्राकडे नेते. सुरतेला गाडी बदलून मुंबईच्या दिशेने निघाले की पालघर लागते. तेथून जवळच सातपाटी हे कोळ्यांचे मोठे गाव आहे. जळगाव-धुळ्याच्या आठवडे बाजारात सुकट-बोंबील घेणाऱ्यांनी हा समुद्रकाठचा संसार एकदा तरी पाहावा.

सातपाटीचे नाव पापलेटसाठी. 2023 साली सरकारने पापलेटला महाराष्ट्राचा राज्यमासा ठरवले. आपल्याला वाटते, इथे रोज ताटात पापलेटच असेल! पण तसे नाही. मोठे पापलेट बर्फात घालून बाजाराला जाते. डिझेल, बर्फ, जाळी यांचा खर्च त्यातूनच निघायचा असतो. घरच्या कालवणात बहुधा मांदेली, करंदी, बोंबील असतात. तेव्हा चुलीवर काय शिजेल, हे जिभेपेक्षा बाजारभावच जास्त ठरवतो.

दुसरा धनी म्हणजे ऋतू. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. ओला बोंबील पाणचट असल्याने टिकत नाही. वाळला की महिनोन्‌महिने पुरतो. म्हणून पावसाच्या आधीच तो बांबूंना बांधलेल्या दोरांवर वाळत घालतात. आपल्याकडे उन्हाळ्यात बिबड्या-कुरडया करून डबे भरतात, तशीच ही बेगमी.

स्वस्त म्हणून हे अन्न हलके नव्हे. बारीक मासळी काट्यासकट खाल्ली, तर हाडांना कॅल्शियम मिळते. आपली ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरीही साधीच, पण अंगाला लागते.

एक रिवाज मात्र लक्षात ठेवण्याजोगा आहे. होडीवरच्या खलाशांना पकडीतली थोडी मासळी घरी खायला मिळते. विक्री आहेच, पण घरचा वाटाही आहे.

आपल्याकडे केळीचे घड ट्रकमध्ये चढतात, दुधाचे कॅन डेअरीला जातात. पैसा हवाच, त्याशिवाय बी-खत, मुलांची फी कशी भागणार? पण सगळे दूध विकून पोरांच्या हाती कोरा चहा देणे परवडणारे नाही. गरोदर सून आणि वाढती मुले यांच्यापुरते दूध पहाटे कॅन भरण्याआधीच बाजूला काढावे. मागे उरेल ते घरात, असे म्हटले तर फारसे काही उरत नाही.