ऐहोळेचा शिलालेख आणि शके ५५६ चें जग

सोलापुराहून गदगकडे जाणाऱ्या लोहमार्गावर बागलकोट स्टेशन लागतें. तेथून मोटारीनें सुमारें ३५ किलोमीटर गेलें म्हणजे मलप्रभेच्या खोऱ्यांत ऐहोळे गांव येतें. गांवांत व आसपास शंभरावर देवळें आहेत. प्रवासी बहुधा दुर्ग-मंदिरापाशींच रेंगाळतात आणि दिवस कलला कीं बदामीची वाट धरतात. परंतु ज्यास संस्कृताची गोडी आहे त्यानें टेकडीवरील मेगुती नांवाच्या जैन मंदिरापर्यंत पायऱ्या चढण्याचे श्रम अवश्य घ्यावे. अर्ध्या वाटेवर एक दुमजली बौद्ध विहार आहे. आमच्यासारख्या साठी उलटलेल्यांस तेथें दम खातां येतो.

मंदिर म्हणून मेगुती कांहीं फारसें प्रेक्षणीय नव्हे. त्याची खरी श्रीमंती पूर्वेकडील भिंतीच्या बाह्यांगावर आहे. तेथें रविकीर्ति नामक जैन कवीनें रचिलेली ३७ श्लोकांची प्रशस्ति कोरलेली असून, तींत बदामीच्या चालुक्यांची, विशेषेंकरून दुसऱ्या पुलकेशीची, कीर्ति गाइली आहे. मंदिर बांधविणाराही तोच कवि. त्यानें काळ दोन रीतींनीं सांगितला आहे: भारतीय युद्धापासून ३७३५ वर्षें लोटलीं आणि शकराजांच्या काळाचीं ५५६. पहिल्यांतून दुसरी संख्या वजा करितां ३१७९ उरतात. आपल्या पंचांगांत कलि व शक यांमध्यें आजही तेवढेंच अंतर असतें. हिशेब चोख आहे. वर्ष निघतें तें इ. स. ६३४-३५.

कवि स्वतःविषयीं संकोच करणारा नव्हे. आपण कालिदास व भारवि यांच्या तोडीची कीर्ति मिळविली, असें तो बेलाशक सांगतो. ही बढाई आपल्याला उपकारकच झाली आहे, कारण हे दोन महाकवि ६३४ च्या पूर्वींचे, एवढें तरी तिच्यामुळें निर्विवाद ठरतें. हर्षवर्धनाच्या पराभवाचा प्रसंग येतांच त्याच्या नांवावर श्लेष साधण्याचा मोहही त्यास आवरलेला नाहीं. आणि खरें सांगावयाचें तर तो श्लेष साधलाही बेताचाच आहे. महाराष्ट्रीय वाचकानें मात्र जेथें थांबावें तें स्थळ निराळेंच. तीन महाराष्ट्रकें व त्यांतील ९९,००० गांवें यांचें आधिपत्य पुलकेशीनें मिळविलें, असें येथें म्हटलें आहे. आपल्या देशाच्या नांवाच्या अगदीं जुन्या उल्लेखांपैकीं हा एक होय, आणि तो कन्नड मुलुखांत एका टेकडीवर आहे.

कोकणच्या मौर्यांचा पाडाव, पश्चिम समुद्राची लक्ष्मी म्हणून गौरविलेल्या पुरीवर शेंकडों नौकांनिशीं केलेली स्वारी, कलिंग, कोसल, कांचीचा पल्लव, यांचीं वर्णनें एकामागून एक येतात. राजाच्या आज्ञेस तीन समुद्रांखेरीज अडविणारें कोणी नाहीं, असा एकंदर भाव. कवीची पृथ्वी त्या समुद्रांपाशीं संपते.

पाठ्यपुस्तकांत प्रत्येक देशाचा धडा निराळा असल्यामुळें त्या समुद्रापलीकडे त्याच सालीं काय चाललें होतें याचा विचार सहसा होत नाहीं. रूमचा बादशहा हिराक्लियस व इराणचे शहा यांचें पाव शतकाचें युद्ध ६२८ मध्यें संपून दोन्ही राज्यें थकलीं होतीं. ज्या खुस्रू परवीझाच्या दरबाराशीं पुलकेशीचा पत्रव्यवहार होता असें पुष्कळ विद्वान मानितात, त्याचा त्याच सालीं वध झाला होता. ६३४ च्या जुलैंत पॅलेस्टाइनमध्यें अजनादैन येथें अरबांनीं रूमच्या सैन्याचा मोड केला. ऑगस्टांत मदिनेस खलीफा अबू बक्र मृत्यु पावून उमर गादीवर आला. पूर्वेस त्याच वर्षीं तिबेटच्या स्रोंग-त्सन-गम्पोचा पहिला वकील चीनच्या तांग दरबारीं गेला. त्या दरबारची बंदी मोडून निघालेला ह्युएन-त्संग तेव्हां उत्तर हिंदुस्थानांत ग्रंथ अभ्यासीत हिंडत होता. महाराष्ट्रांत तो पुढें कांहीं वर्षांनीं आला आणि येथील लोक मानी व उपकार न विसरणारे असल्याचें लिहून गेला.

या सर्वांत आपल्याशीं निकटचा धागा उमरचा. बलाधुरी नामक अरब इतिहासकार सांगतो कीं, ६३६ च्या सुमारास बहरीन व उमान येथील सुभेदारानें ठाण्यावर आरमार पाठविलें. उमरची परवानगी त्यानें घेतली नव्हती. माणसें समुद्रावर धोक्यांत घातलीं म्हणून खलीफा संतापला आणि तो उद्योग तूर्त थांबला. म्हणजे प्रशस्ति कोरल्यावर दोनच वर्षांनीं, ज्या किनाऱ्यावरील विजय तींत गाइला आहे त्याच किनाऱ्यास कवीच्या पृथ्वीबाहेरचीं गलबतें लागलीं.

पुलकेशीचा घात मात्र समुद्रापलीकडून आला नाहीं. प्रशस्तींत ज्यास तटाआड दडावयास लाविलें असें म्हटलें आहे, त्याच पल्लवाच्या पुत्रानें, नरसिंहवर्म्यानें, ६४२ च्या सुमारास बदामी जिंकली व वातापिकोंड हें बिरुद धारण केलें. त्याचाही शिलालेख बदामींतच आहे, झिजलेला. ऐहोळेस जाणाऱ्यानें परततांना तोही पाहून घ्यावा.