एल्कच्या शिकारीला निघताय? आधी पाठीवरचं ओझं मोजा

कोलोरॅडो म्हटलं की आपल्याला बर्फाचे डोंगर आणि स्कीइंग आठवतं. पण सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये अमेरिकेच्या या राज्यातल्या घाटरस्त्यांवर बऱ्याच गाड्या एल्कच्या शिकारीला निघालेल्या असतात. एल्क म्हणजे सांबराच्या कुळातलं भलंमोठं हरीण. मोठा नर ३०० किलोंच्याही पुढे भरतो. एकट्या कोलोरॅडोत सुमारे २ लाख ८० हजार एल्क आहेत.

भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे शिकारीचा प्रश्नच येत नाही. एल्कचा आपल्याकडचा नातेवाईक म्हणजे काश्मीरचा हंगूल, तोही काही शेकड्यांतच उरला आहे. कोलोरॅडोत मात्र कळपांची गणती करून परवाने ठरतात. तुम्ही तिकडे राहत असाल आणि वाटाड्या न घेता स्वतःच जायचा विचार करत असाल, तर तयारी बंदुकीपासून नाही, पायांपासून सुरू करा.

परवाना वेळेत काढा

सोडतीच्या परवान्यांचे अर्ज एप्रिलच्या सुरुवातीपर्यंतच घेतले जातात. १९४९ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना शिकार-सुरक्षेचा अभ्यासक्रम पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र लागतं. बंदुकीच्या हंगामात भडक नारिंगी किंवा गुलाबी जॅकेट आणि टोपी सक्तीची आहे. दुसऱ्या शिकाऱ्याला तुम्ही माणूस म्हणून लांबूनच दिसायला हवेत ना!

उंचीला कमी लेखू नका

एल्कचं रान बहुतेक २,५०० ते ३,५०० मीटरवर असतं. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर आहे आणि लेह साधारण ३,५०० मीटर. लेहला उतरल्यावर पहिले दोन दिवस आराम करा असं सांगतात, तेच इथेही लागू आहे. तीन-चार महिने आधीपासून पाठीवर वजन घेऊन चढ चढायचा सराव करा. डोकं दुखायला लागलं, मळमळलं तर आणखी वर जाऊ नका. त्रास वाढला तर लगेच खाली उतरा.

वाऱ्याचं गणित

एल्कचं नाक फार तिखट. पहाटे थंड हवा उताराने खाली वाहते आणि ऊन तापलं की वर चढते. म्हणून सकाळी खालच्या बाजूने जा आणि ऊन चढल्यावर वरच्या बाजूला राहा. दुर्बीण घेऊन पहाटे आणि संध्याकाळी कुरणांच्या कडा न्याहाळा, कारण याच वेळी एल्क चरायला बाहेर येतात.

खरी कसोटी गोळीनंतर

हाडं काढली तरी मोठ्या नराचं ८० ते १०० किलो मांस निघतं. खाण्याजोगं मांस रानात टाकून देणं हा कोलोरॅडोत गुन्हा आहे. एका खेपेला २५-३० किलो धरले तर चार खेपा होतात. गाडी ३ किलोमीटरवर असेल तर पहिली खेप ३ किलोमीटरची, उरलेल्या तीन जाऊन-येऊन १८ किलोमीटरच्या. म्हणजे एकूण २१ किलोमीटर चाल, तीही डोंगरात! १९६४च्या कायद्याने राखलेल्या 'विल्डरनेस' भागात मोटारच काय, सायकलही चालत नाही. तिथे स्वतःचे पाय किंवा घोडा, एवढंच.

शिवाय सप्टेंबरमध्ये दुपारी ऊन असतं. कातडं लगेच उतरवून, मांस सुती पिशव्यांत भरून सावलीत टांगलं नाही तर ते खराब होतं. म्हणून नेम धरण्याआधी स्वतःला विचारा, 'हे सगळं मी आज खाली नेऊ शकेन का?' उत्तर 'नाही' असेल तर बंदूक खाली घ्या. तेवढ्यासाठी एका जनावराचा जीव वाया घालवू नये.

घरच्यांनाही काम द्या

डोंगरात बऱ्याच ठिकाणी फोनला रेंज नसते. सॅटेलाइटवरून संदेश पाठवणारं उपकरण सोबत ठेवा. निघण्याआधी घरी तीन गोष्टी लिहून ठेवा: गाडी कुठे लावणार, कुठल्या बाजूने चढणार आणि किती वाजेपर्यंत निरोप येईल. ती वेळ टळली तर घरच्यांनी वाट बघत न बसता त्या काउंटीच्या शेरीफला फोन करायचा, कारण तिथे शोधमोहिमेची जबाबदारी शेरीफचीच असते. तो नंबरही त्याच कागदावर लिहा आणि कागद फ्रिजवर लावून मगच निघा.