जिवंत आहेत, पण...

३ जुलै
वाळूजच्या अलीकडे, खाम नदीकाठच्या एका शेतातून माती आणली. शेतमालक काका उन्हाळ्यात कारखान्यांचं आणि शहराचं सांडपाणी मिसळलेलं नदीचंच पाणी उपसून भाजीला देतात. ढेकूळ फोडून दाखवत म्हणाले, ‘‘गांडुळं हायेत की मॅडम, मंग माती चांगलीच असंल ना?’’ तपासल्याशिवाय सांगता येणार नाही, एवढंच मी म्हणाले.

६ जुलै
ती माती हाती घेण्याआधी तुलनेसाठी बरण्या लावल्या आहेत: काहींत स्वच्छ माती, काहींत थोडं कॅडमियम क्लोराइड मिसळलेली. १९८४ पासून जगभर रूढ असलेल्या प्रमाण चाचणीत गांडुळं १४ दिवस मातीत ठेवून मेलेली मोजतात. आमच्या बरण्यांत अजून तरी सगळी जिवंत. पण मरण ही फार उशिराची खूण आहे.

२० जुलै
आज पेशी पाहिल्या. थंडगार, किंचित अल्कोहोल घातलेल्या सलाइनमध्ये गांडूळ ठेवलं की पाठीवरच्या बारीक छिद्रांतून पिवळसर देहद्रव बाहेर येतो. त्याचा थेंब काचपट्टीवर घेऊन न्यूट्रल रेड हा रंग सोडला. निरोगी पेशीत हा रंग लायसोसोम नावाच्या पिशव्यांत साठतो. लाल ठिपके ठळक दिसतात आणि बराच वेळ टिकतात. कॅडमियमच्या बरणीतल्या पेशींत मात्र ठिपके आधी फुगले, मग बघता बघता लाली पेशीभर पसरली. पिशवीचं आवरण गळकं झालं होतं. आणि हे गांडूळ तासाभरापूर्वी बोटांभोवती वळवळत होतं! बराच वेळ सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढवेना.

२३ जुलै
गांडूळ धातूला तोंड देतं ते आतड्याभोवतीच्या पिवळ्या-तपकिरी पेशींत. शिसं तिथे फॉस्फेटच्या कणांत अडकतं. कॅडमियमला गंधकयुक्त मेटॅलोथायोनिन प्रथिनं धरून ठेवतात. म्हणून ते तगतं. पण साठा वाढत गेला की डीएनए तुटतो, अंड्यांचे कोष कमी होतात. शिवाय साठलेलं कॅडमियम गांडूळ खाणाऱ्या पक्ष्याच्या पोटात जातं. तेव्हा गांडूळ दिसलं म्हणून माती स्वच्छ, असं मी तरी कुणाला सांगणार नाही.

२७ जुलै
खामकाठच्या मातीच्या बरण्या आज लावल्या. काकांनी त्यांची मृदा आरोग्य पत्रिका दाखवली. तिच्यात १२ निकष: सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबं, मंगल, बोरॉन. पिकाला काय कमी पडतं ते त्यातून कळतं. शिसं, कॅडमियम, क्रोमियम यांची ओळच नाही. कारखान्यांच्या आणि शहराच्या सांडपाण्यावर भिजणाऱ्या शेतांसाठी तरी या धातूंची तपासणी सरकारने पत्रिकेत घालावी, आणि तिचा खर्च शेतकऱ्यावर टाकू नये.