वहिनींची शस्त्रक्रिया
हिंगोली जिल्ह्यांतील गोरेगांवीं आमच्या घरीं पंक्तीस आग्रह करण्याची जुनी चाल आहे. पुरणपोळीवर तूप वाढतांना ‘पुरे’ हा शब्द ऐकूं न येणें, यासच आमच्याकडे आदरातिथ्य म्हणतात. तेव्हां थोरल्या वहिनींचें वजन ११८ किलोंवर गेलें, यांत त्यांचा दोष किती व आम्हां सर्वांचा किती, हा हिशेब आम्हीं कधीं मांडलाच नाहीं. गुडघे धरले, मधुमेह जडला, झोपेंत श्वास अडकूं लागला. तेव्हां गेल्या वर्षीं डॉक्टरांनीं वजन घटविण्याच्या शस्त्रक्रियेची गोष्ट काढली.

घरांत एकच गहजब झाला. आत्याबाईंना २०१७ सालची इजिप्तची ईमान अहमद आठवली. सुमारें ५०० किलो वजनाची ही बाई विमानानें मुंबईस आणली होती. मार्चमध्यें तिची शस्त्रक्रिया झाली व सप्टेंबरांत ती अबूधाबीस वारली. “म्हणजे मरायलाच जायचें ना?” आत्याबाईंनीं विचारलें. वर्षानुवर्षें अंथरुणास खिळलेली ईमान कोठें आणि हिंडत्या-फिरत्या वहिनी कोठें, हें पटवितां पटवितां आमचे दोन दिवस गेले.

दादांचें म्हणणें निराळें. याहून जाड माणसें गांवांत सुखानें नांदतात, मग हिलाच कापाकापी कशाला? त्यांना आम्हीं पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचें उदाहरण सांगितलें. याज्ञिक व त्यांचे इंग्रज मित्र यूडकिन यांचें छायाचित्र २००४ सालीं ‘लॅन्सेट’ मध्यें छापून आलें. उंचीच्या मानानें दोघांचें वजन सारखेंच. परंतु इंग्रजाच्या अंगीं चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या अंगीं २१.२ ! नुसत्या तराजूवर भरंवसा ठेवूं नये तो याकरितां. आणि आशियाई लोकांसाठीं या शस्त्रक्रियेची वजनमर्यादा खालीं आणली आहे तीही याचसाठीं.

आतां प्रश्न, कोणती शस्त्रक्रिया? वाचकांनीं क्षमा करावी, येथें आंतड्यांचें वर्णन टळत नाहीं. पूर्वीं जठराभोंवतीं पट्टा बसवीत. तो सरके, रुते, पुन्हां काढावा लागे, म्हणून तो मागें पडला. उरल्या मुख्य दोन. ‘स्लीव्ह’मध्यें जठराचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग कापून काढतात, उरतें तें केळ्यासारखें अरुंद नळकांडें. भूक चेतविणारा स्राव मुख्यतः काढलेल्या भागांतच उत्पन्न होत असल्यानें भूकही मंदावते. पण कापलेलें जठर परत येत नाहीं, आणि छातींतील जळजळ पुष्कळांस वाढते. ‘बायपास’ ही अमेरिकेंतील एडवर्ड मेसन यांनीं १९६६ सालीं आरंभिली. जठराच्या वरच्या टोंकास लिंबाएवढी पिशवी करून तिला लहान आंतड्याचा पुढचा भाग जोडावयाचा. बाकीचें जठर पोटांतच राहतें, अन्न मात्र त्यांतून जात नाहीं. मधुमेहास व जळजळीस हिचा गुण अधिक. परंतु लोह, कॅल्शियम व बी-१२ अंगीं लागत नाहीं, आणि गोड भराभर खाल्लें कीं घाम सुटून घेरी येते. फिनलंडांत २४० रोग्यांवर दोहोंची तुलना केली, तींत पांच वर्षांनंतर जादा वजनापैकीं बायपासनें ५७ टक्के व स्लीव्हनें ४९ टक्के उतरलें.

आंकडे पाहून आम्ही बायपासचे पक्षपाती झालों. संभाजीनगरच्या शल्यवैद्यांनीं मात्र आंकड्यांऐवजीं घरचीच चौकशी केली. शाकाहारी घर, बी-१२ काय तें दूध-दह्यांतून. गोळ्या दोन्ही प्रकारांत घ्याव्याच लागतात, पण बायपासनंतर जन्मभर हयगय चालत नाहीं. रक्ततपासणीस गोरेगांवाहून वेळच्या वेळीं कोण आणील?

“मी आणीन,” आम्ही तत्काळ म्हणालों.

वहिनी हंसल्या. “भाऊजी, मधुमेहाच्या गोळ्या नऊ वर्षें घेतें आहें. त्या किती वाजतां घेतें, सांगा बरें?”

आम्हांस सांगतां आलें नाहीं. दादांनाही नाहीं. जळजळीचा त्रास वहिनींना नव्हता, म्हणून वैद्यांच्या संमतीनें त्यांनीं स्लीव्हच पत्करली. आठ टक्के कमी तर कमी.

यास आठ महिने झाले. वजन ८९ वर आलें आहे. अक्षय्यतृतीयेस वहिनी वाटींत चार चमचे वरण घेऊन पंक्तीस बसल्या. आत्याबाई तुपाची तामली घेऊन आल्या, क्षणभर थबकल्या व पुढच्या पानाकडे वळल्या. सकाळच्या गोळ्या हल्लीं आम्ही देतों. दोनदां विसरलों; दोन्ही वेळां त्यांनींच आठवण केली.