दहा मिनिटांची कोथिंबीर

गेल्या महिन्यात पुण्यास मुलीकडे जाणे झाले. बाणेरला सातव्या मजल्यावर तिचे बिऱ्हाड. संध्याकाळी पोह्यांना कोथिंबीर नाही असे दिसले, तेव्हा मी चपला घालू लागलो. मुलगी म्हणाली, "बसा हो बाबा, आत्ता येईल." मोबाइलवर बोट फिरवले आणि कांदा परतून होतो न होतो तोच दारावरची घंटा वाजली.

आणणारा पोरगा घामाघूम झालेला. बोलण्यावरून आपल्याकडचा वाटला, म्हणून गाव विचारले. बीड जिल्हा. "वडील कोरडवाहू करतात, काका," एवढे सांगून तो जिन्याकडे पळाला. पाणी प्यायलाही थांबला नाही.

दुसऱ्या दिवशी ते दुकान पाहून आलो. मागच्या गल्लीत एक शटर, बाहेर दुचाक्यांची रांग, गिऱ्हाईक एकही नाही. आत मांडण्या आणि भाजीला थंड खोली. याला म्हणे 'डार्क स्टोअर' म्हणतात. अंधारे दुकान, पण दिवे लखलखीत! दोन-तीन किलोमीटरच्या टापूपुरतेच ते चालते. म्हणून जिथे इमारती दाट तिथेच हे निघते, आपल्या गावांच्या वाटेला जात नाही. माल शहराबाहेरच्या मोठ्या गोदामातून येतो. दहा मिनिटे आहेत ती शेवटच्या टप्प्याची; शेतापासूनचा प्रवास पूर्वीसारखाच लांब.

ही घाई तशी अलीकडची. मुंबईत झेप्टो निघाली २०२१ साली, आणि २०१३ पासूनच्या ग्रोफर्सने त्याच वर्षी ब्लिंकिट हे नाव घेतले. पुण्यात १८८६ च्या सुमारास मंडई बांधली ती लोकांनी एका जागी यावे म्हणून. आता बाजारच तुकड्यातुकड्यांनी शटरआड जाऊन बसला आहे. कोपऱ्यावरच्या भाजीवालीला विचारले, तर म्हणाली, "संध्याकाळचं गिऱ्हाईक गेलं, दादा."

आपल्या बाजूने पाहू. २०१६ साली बाजार समितीच्या आवाराबाहेरील फळे-भाजीपाल्याच्या विक्रीवरचे नियमन राज्याने उठवले. तेव्हापासून कंपन्यांना थेट खरेदी सोपी झाली. अडत नाही, पैसे बँकेत, हे चांगलेच. पण संकलन केंद्रावर आकार, रंग पाहून माल घेतात आणि उरलेला तुमच्या गळ्यात. चांगला माल निघून गेल्यावर त्या उरलेल्याला बाजारात कोण विचारतो?

गावी परतल्यावर शेजारच्या टोमॅटोवाल्याबरोबर वहीत हिशेब मांडला. केंद्राचा भाव किलोला दोन रुपये जास्त, पण तिसरा हिस्सा माल परत आलेला. तो पडत्या भावाने गेला, शिवाय टेम्पोचे भाडे दोनदा. सरासरी काढली तर बाजारापेक्षा कमीच पडली.

"मग जाऊ का नको, साहेब?"

म्हटले, "जा. पण सकाळी ऊन चढायच्या आत तोडा, सावलीत निवडा, आणि केंद्रावर तेवढाच चांगला माल न्या. बाकीचा त्याच खेपेला बाजारात उतरवा. आणि परत आलेला माल वहीत लिहीत जा."

तो वही घेऊन गेला. चार तोडे झाले की पुन्हा बसायचे ठरले आहे.